विश्लेषण : डेटाबेस बदलला की हिशेब का बदलतो? वेब अ‍ॅप आणि ‘एसक्यूएल’च्या बोलीभाषा

भाताच्या हंगामात घोटीच्या बाजारात रोज शेकडो नोंदी होतात. कोणत्या गावचा शेतकरी, इंद्रायणी की कोळम, किती पोती, काट्यावर वजन किती, हमाली-तोलाई किती, हातात पट्टी किती रुपयांची. पूर्वी हे सारे लाल कापडाच्या वहीत असे. आता गिरण्या, आडती आणि वाहतूकदार यांच्यापैकी अनेकांकडे एखादे वेब अ‍ॅप असते. मोबाइलवर नोंद टाकली की ती कुठल्या तरी सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये जाऊन बसते.

हा डेटाबेस एक दिवस बदलावा लागतो. परवान्याचा खर्च वाढतो, मोफत आवृत्तीची मर्यादा संपते किंवा अ‍ॅप बनवणारा नवा माणूस वेगळ्या प्रणालीत तरबेज असतो. ‘सगळीकडे एसक्यूएलच आहे, दोन दिवसांचे काम’ असे सांगितले जाते. माहिती खरोखरच दोन दिवसांत हलते, पण ती माहिती विचारणारी वाक्ये, म्हणजे क्वेरी, नव्या घरात वेगळे उत्तर देऊ लागतात. काही वेळा अ‍ॅप सरळ बंद पडते. ते त्यातल्या त्यात बरे, कारण चूक निदान दिसते.

एकच भाषा, मग फरक कसला?

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याचा सिद्धांत मांडला. त्यावर १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा रचली. ओरॅकलने १९७९ मध्ये तिच्यावर आधारलेले उत्पादन बाजारात आणले. अमेरिकी प्रमाण संस्थेने भाषेचे अधिकृत प्रमाण ठरवले ते मात्र १९८६ मध्ये. सात वर्षे आधीच दुकाने उघडली होती आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचे शब्द रूढ केले होते. प्रमाण आल्यावरही जुने ग्राहक तुटू नयेत म्हणून कोणी ते शब्द सोडले नाहीत. शिवाय ग्राहकाला दुसरीकडे जाणे अवघड व्हावे, यात विक्रेत्याचा तोटा काहीच नव्हता.

त्यामुळे आज प्रमाण एसक्यूएल आहे आणि तिच्या बोलीही आहेत. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, त्यातून फुटलेला मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मोबाइलमध्ये बसणारा इवलासा एसक्यूलाइट, हे सगळे एकमेकांना बऱ्यापैकी समजतात. अडचण ‘बऱ्यापैकी’ या शब्दात आहे.

साधे उदाहरण घ्या. ‘शेवटच्या दहा पट्ट्या दाखव’ हे मायएसक्यूएल, पोस्टग्रे आणि एसक्यूलाइट यांना ‘लिमिट १०’ असे सांगतात, तेही वाक्याच्या शेवटी. एसक्यूएल सर्व्हरला ‘टॉप १०’ असे सांगावे लागते, तेही सुरुवातीलाच. ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षे ‘रोनम’ नावाची क्लृप्ती चालत होती. प्रमाणात यासाठी ‘फेच फर्स्ट’ ही रचना आहे. ती एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून आणि ओरॅकलच्या २०१३ मधील १२सी आवृत्तीपासून चालते, पोस्टग्रेत चालते, मात्र मायएसक्यूएलमध्ये आजही चालत नाही. रोज लागणाऱ्या इतक्या साध्या कामासाठी सर्वांना चालेल असे एक वाक्य नाही!

हे फरक त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहेत. चुकीचा शब्द दिला तर डेटाबेस ‘समजले नाही’ म्हणतो. खरी भीती आहे ती ‘समजले’ म्हणून भलतेच उत्तर देणाऱ्या क्वेरींची.

७५ किलो भात कुठे गेले?

समजा घोटीतील एका गिरणीच्या अ‍ॅपमध्ये वजन किलोमध्ये, पूर्णांकात नोंदवले जाते. एका शेतकऱ्याचे भात भरले ४,२७५ किलो. पट्टी क्विंटलवर असल्याने क्वेरीत १०० ने भागले आहे. मायएसक्यूएल उत्तर देतो ४२.७५. ओरॅकलही तेच देतो. हेच अ‍ॅप पोस्टग्रेवर नेले की उत्तर येते ४२. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटही ४२ च म्हणतात, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तर पूर्णांकच, असा त्यांचा नियम आहे. दर क्विंटलला ३,००० रुपये धरला तर एका पट्टीत २,२५० रुपये गायब. ना लाल अक्षरांतील संदेश, ना अ‍ॅप बंद. शेतकऱ्याने कागदावर गुणाकार केला तरच कळणार.

उपाय एका टिंबाचा आहे. १०० ऐवजी १००.० ने भागले की सगळीकडे ४२.७५ येते. पण हे टिंब कुठे कुठे द्यायचे, हे शोधायला शेकडो क्वेरी चाळाव्या लागतात.

वेळेचेही तसेच. ‘आत्ताची वेळ’ मायएसक्यूएल व पोस्टग्रेमध्ये ‘नाऊ’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘गेटडेट’ आणि ओरॅकलमध्ये ‘सिसडेट’ या नावाने मिळते. ‘करंट टाइमस्टॅम्प’ हा प्रमाण शब्द मात्र सगळ्यांना कळतो. म्हणून तोच वापरावा, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे, पण अर्धा. एसक्यूलाइट हा शब्द ऐकून जागतिक प्रमाणवेळ देतो, जी भारताच्या साडेपाच तास मागे आहे. पहाटे पाचला काट्यावर आलेली ट्रॉली त्याच्या हिशेबात आदल्या रात्री साडेअकराला आलेली असते. तारीखवार आवक काढली की आदल्या दिवसाचा आकडा फुगतो, आजचा घटतो. रेंज नसताना मोबाइलवरच नोंद साठवून नंतर सर्व्हरला पाठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये बहुतेकदा एसक्यूलाइटच असतो. इगतपुरी तालुक्यातील डोंगराळ गावांत रेंज जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

दोन शब्द जोडण्यासाठी प्रमाणात दोन उभ्या रेघा (||) आहेत. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत त्या रेघांचा अर्थ ‘किंवा’ होतो. नाव आणि आडनाव जोडायला गेलात तर पट्टीवर नावाच्या जागी शून्य छापून येते. ओरॅकलची खोड आणखी वेगळी. त्याच्या लेखी रिकामा मजकूर आणि ‘माहिती नाही’ यात फरकच नाही. मोबाइल क्रमांक न दिलेल्या शेतकऱ्यांची यादी ‘क्रमांक रिकामा असलेले’ अशी मागितली तर ओरॅकल एकही नाव देत नाही.

शोधताना आणखी एक गंमत होते. गाडीचा क्रमांक रोमन लिपीत कोणी मोठ्या अक्षरांत टाकतो, कोणी लहान. मायएसक्यूएलची नेहमीची तुलना दोन्ही एकच मानते. पोस्टग्रे मानत नाही. स्थलांतरानंतर ‘जुन्या गाड्या सापडत नाहीत’ अशी तक्रार आली, तर माहिती हरवल्याची शंका घेण्याआधी हे तपासावे.

मराठीत जास्त का अडते?

अ‍ॅपबद्दलची बहुतेक मार्गदर्शने इंग्रजी नावे गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यामुळे हा भाग त्यांत सापडत नाही आणि आपल्याकडे तर सगळ्यात आधी हाच भाग मोडतो.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेमध्ये ‘नाव : ३० अक्षरे’ असा रकाना केला तर त्यात तीस चिन्हे मावतात. ओरॅकलमध्ये तोच आकडा नेहमीच्या मांडणीत बाइटचा असतो. ज्ञानेश्वर कसाबसा बसतो, आडनाव बाहेर राहते. रकाना करताना ‘अक्षरे’ असे स्पष्ट लिहिले की प्रश्न मिटतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेहमीच्या ‘व्हारचार’ रकान्यात मराठी नाव टाकले तर बहुतेकदा प्रश्नचिन्हांची रांग उमटते. सरकारी आणि खासगी छापील कागदांवर अशी रांग अनेकांनी पाहिली असेल. त्यासाठी ‘एनव्हारचार’ हा वेगळा रकाना लागतो आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराआधी ‘एन’ हे अक्षर द्यावे लागते. एकदा प्रश्नचिन्ह साठले की मूळ नाव परत मिळत नाही. बॅकअप असेल तरच तो दिवस वाचतो.

आता गावांच्या नावांकडे येऊ. मुंबई-आग्रा महामार्गावर घोटीहून नाशिककडे जाताना वाडीवऱ्हे लागते. तालुक्यात बेलगाव तऱ्हाळेही आहे. यातला ‘ऱ्ह’ संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरले जाते, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र बाइट वेगळे. मायएसक्यूएलच्या काही तुलना-नियमांत ती दोन्ही रूपे एक ठरतात. पोस्टग्रेच्या नेहमीच्या तुलनेत ती वेगळी. परिणामी नव्या डेटाबेसवर वाडीवऱ्हे नावाची दोन गावे तयार होतात आणि गावनिहाय आवक दोन ओळींत विभागली जाते. यावर डेटाबेसच्या भरवशावर राहू नये. नोंद आत घेतानाच अ‍ॅपने सर्व रूपांचे एकच रूप करावे.

याच तालुक्यात कावनई आणि काळुस्ते ही गावे आहेत. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून यादीत कावनई आधी हवे. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच मागे आणि व च्या आधी आहे. म्हणून बहुतेक डेटाबेस काळुस्ते आधी देतात. पोस्टग्रेमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ‘आयसीयू’ या ग्रंथालयाचे भाषावार क्रमनियम मागता येतात, त्यांत मराठीही आहे. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळा क्रमनियम नाही. मतदार यादीपासून रेशनच्या यादीपर्यंत ‘ळ’ची माणसे भलत्या पानावर का सापडतात, याचे एक कारण येथे आहे.

मुंबईतील ‘फ्रॅपे’ने काय केले?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, याचे जवळचे उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या फ्रॅपे कंपनीचे. तिचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लेखा, साठा, खरेदी-विक्री सांभाळते. ते जगभर वापरले जाते आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. हे सारे मारियाडीबीवर उभे राहिले. खालचा पाया, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, २०१९ मधील बाराव्या आवृत्तीत पोस्टग्रेवरही चालू लागला.

त्यासाठी काय करावे लागले, ते वाचण्यासारखे आहे. या प्रणालीत प्रत्येक तक्त्याच्या नावाआधी ‘टॅब’ असा उपसर्ग असतो आणि नावात मोकळी जागाही असू शकते. अशी नावे अवतरणात ठेवावी लागतात. मारियाडीबी त्यासाठी उलटा स्वल्पविराम (`) वापरतो, तर पोस्टग्रेला दुहेरी अवतरण (") लागते. म्हणून पोस्टग्रेकडे जाणारी प्रत्येक क्वेरी वाटेत थांबवून तिच्यातील चिन्हे बदलणारा कोड लिहिला गेला. मजकुरात शब्द शोधणारे ‘लोकेट’ हे फलन पोस्टग्रेच्या ‘स्ट्रपॉस’मध्ये बदलले गेले. तेथे केवळ नाव बदलून भागत नाही, कारण एकात काय शोधायचे ते आधी सांगतात आणि दुसऱ्यात कुठे शोधायचे ते.

पाया हलला तरी वरची इमारत लगेच हलली नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये हाताने लिहिलेल्या, मारियाडीबीच्या सवयींवर विसंबलेल्या असंख्य क्वेरी होत्या. पुढे फ्रॅपेने ‘क्वेरी बिल्डर’चा मार्ग धरला. यात प्रोग्रामर एसक्यूएलचे वाक्य लिहीत नाही. ‘या तक्त्यातून, या अटीवर, हे रकाने’ असे पायथॉनमध्ये सांगतो आणि समोरच्या डेटाबेसच्या बोलीतील वाक्य यंत्रणा तयार करते. वाटेत चिन्हे बदलण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. मजकुराची शोधा-आणि-बदला पद्धत शेतकऱ्याच्या नावात एखादे अवतरण चिन्ह आले तरी फसू शकते.

‘पीडीओ वापरतो, मग काळजी कशाची?’

हा गैरसमज फार पसरलेला आहे. पीएचपीतील पीडीओ, जावातील जेडीबीसी किंवा जुने ओडीबीसी यांमुळे डेटाबेसशी जोडणी करण्याची पद्धत एक होते. क्वेरीतील शब्द मात्र ते जवळपास जसेच्या तसे पुढे पाठवतात. टपाल खाते पत्र पोहोचवते, त्याचे भाषांतर करत नाही, तसेच.

या साधनांचा दुसरा उपयोग मात्र मोलाचा. वापरकर्त्याने टाकलेला मजकूर क्वेरीत चिकटवायचा नाही, तेथे रिकामी जागा ठेवायची आणि किंमत स्वतंत्र पाठवायची. ही पद्धत त्यांच्यामुळे सोपी होते. अवतरणाच्या बोलीतील फरक त्यामुळे आपोआप टळतात आणि क्वेरीत घुसवलेल्या मजकुरातून होणारी चोरीही रोखता येते.

भाषांतर करणारी साधने वेगळी आहेत. पायथॉनमधील जँगो पोस्टग्रे, मारियाडीबी, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या पाचांशी अधिकृतपणे बोलते. एसक्यूअलकेमी, जावातील हायबरनेट, पीएचपीतील डॉक्ट्रिन ही त्याच जातकुळीची. तरीही यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. गुंतागुंतीचा अहवाल आला की प्रोग्रामर हमखास थेट एसक्यूएल लिहितो आणि आडत, गिरणीच्या अ‍ॅपमध्ये पैशाचे सगळे अहवाल गुंतागुंतीचेच असतात.

उलट वाटही आहे. क्वेरी बदलण्याऐवजी डेटाबेसलाच दुसऱ्याची बोली शिकवायची. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या एंटरप्राइजडीबीने पोस्टग्रेची अशी आवृत्ती बनवली आहे, जिला ओरॅकलच्या अनेक रचना कळतात. अ‍ॅमेझॉनच्या ‘बॅबलफिश’ने पोस्टग्रेला एसक्यूएल सर्व्हरची बोली शिकवली. मोठ्या बँका व कंपन्यांना ही वाट परवडते. छोट्या व्यावसायिकाला तिचा फारसा उपयोग नाही.

मग प्रत्येकाने सर्व डेटाबेसवर चालेल असेच लिहावे का?

नाही. प्रत्येक प्रणालीची काही बलस्थाने असतात. केवळ कधी तरी जावे लागेल या भीतीने ती वापरायचीच नाहीत, हे घराला चाके लावून ठेवण्यासारखे आहे. सहा प्रणालींवर चालणारे अ‍ॅप लिहिण्याचा खर्च गिरणीवाल्याने का सोसावा?

मात्र ‘आम्हाला कधीच बदलावे लागणार नाही’ हेही कोणी छातीठोक सांगू नये. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन कंपनीकडे गेला आणि २०१० मध्ये सनसह ओरॅकलकडे. त्या अस्वस्थतेतून २००९ मध्ये मायएसक्यूएलच्याच जनकाने मारियाडीबी काढला. विकिपीडिया, अर्थात मराठी विकिपीडियासह, २०१३ मध्ये मारियाडीबीवर गेला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची मोफत ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती २०२२ पर्यंत एका डेटाबेसला १० जीबीवर थांबत असे. त्यापुढे परवाना घ्या किंवा बाहेर पडा. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. बदलाची कारणे अशी बाहेरून येतात.

मधला मार्ग हा की सर्व क्वेरी अ‍ॅपमध्ये विखुरलेल्या न ठेवता एका जागी ठेवाव्यात. प्रमाण शब्द उपलब्ध असेल तेथे तोच घ्यावा. ‘इफनल’ किंवा ‘एनव्हीएल’ऐवजी ‘कोअलेस’ सगळ्यांना कळते. क्रम हवा असेल तर तो स्पष्ट मागावा. रिकाम्या नोंदी आधी की शेवटी, हे गृहीत धरू नये, कारण पोस्टग्रे व ओरॅकल चढत्या क्रमात त्या शेवटी ठेवतात आणि बाकीचे आधी. खास बोली वापरावीच लागली तर तेथे तशी टीप लिहून ठेवावी. आणि लॅपटॉपवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रे, अशी दुहेरी चूल मांडू नये. चाचणी खऱ्या डेटाबेसवरच व्हावी.

अ‍ॅप बनवून घेणाऱ्याला यातले काहीच कळत नसेल तरी तो दोन गोष्टी नक्की मागू शकतो. पहिली, करारात माहितीची पूर्ण प्रत उघडता येईल अशा स्वरूपात मिळण्याची अट. दुसरी, बदलाच्या वेळी जुना आणि नवा डेटाबेस किमान पंधरा दिवस शेजारी शेजारी चालवणे. रोज संध्याकाळी एकूण वजन, एकूण रक्कम, गावांची संख्या आणि सर्वांत मोठी व लहान पट्टी दोन्हीकडून काढायची. चाचणीच्या नोंदींत वाडीवऱ्हेची दोन्ही रूपे, एक लांबलचक जोडाक्षरी नाव, एक पहाटे पाचची ट्रॉली आणि शंभराने पूर्ण भाग न जाणारे एक वजन मुद्दाम असू द्यावे. आकडे जुळले नाहीत तर जुना डेटाबेस बंद करायचा नाही.

हे काम कार्तिकात, बाजारात भाताच्या राशी लागलेल्या असताना काढू नये. आवणी उरकल्यावर, घोटीत पावसाचा जोर असतो आणि नवे भात येण्यास अवधी असतो, तेव्हा काट्यावर गर्दी कमी असते. डेटाबेस हलवायचा तर तेव्हा.